समासातील नोंद

माणसाच्या नावाचा पहिला सरकारी कागद तयार होतो, तेव्हा त्या माणसाला अजून बोलता येत नसते. जन्म रुग्णालयात झाला असेल तर रुग्णालयाचा प्रमुख आणि घरी झाला असेल तर घरातला कर्ता किंवा जवळचा नातेवाईक 21 दिवसांच्या आत निबंधकाला माहिती देतो. गावात हा निबंधक म्हणजे बहुधा ग्रामपंचायतीचा अधिकारी, शहरात पालिकेच्या आरोग्य विभागातला अधिकारी. तारीख, ठिकाण, मुलगा की मुलगी, आईवडिलांची नावे, पत्ता, एवढाच ऐवज. पण पुढे शाळेचा प्रवेश, पासपोर्ट, नोकरी, लग्नाची नोंद, वारसाहक्क यांपैकी प्रत्येक ठिकाणी या थोड्या रकान्यांची साक्ष काढली जाते. त्यातले एखादे अक्षर चुकले असेल तर ती चूकही माणसाबरोबर वाढत जाते.

प्रस्तुत पुस्तक अशा चुका दुरुस्त करण्याचा कायदा आणि त्याची रीत यांविषयी आहे. हा विषय रुक्ष, कारकुनी, अर्ज आणि शिक्क्यांचा आहे अशी सर्वसाधारण समजूत दिसते. कायद्याच्या अभ्यासक्रमात त्याला फारशी जागा नाही, आणि वकिलांच्या कार्यालयातही हे काम नवख्यांकडे जाते. ही समजूत घेऊन तुम्ही हे पान उघडले असेल तर ते स्वाभाविक आहे. वाचकांनी ती लगेच सोडून द्यावी असा आग्रह नाही. थोडी वाट मात्र माझ्याबरोबर चालावी, कारण राज्यसंस्था सत्याकडे कसे पाहते, स्वतःच्या हातून चूक झाल्यावर ती कशी वागते आणि नागरिकाच्या शब्दाला किती किंमत देते, हे इतक्या जवळून दाखवणारा दुसरा विषय मला माहीत नाही.

सुरुवात एका कलमापासून करू. जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम 1969 मधील 15 वे कलम सांगते की, नोंदवहीतली एखादी नोंद चुकीची आहे, किंवा ती कपटाने वा गैररीतीने केली आहे, अशी निबंधकाची खात्री पटली तर त्याने ती दुरुस्त किंवा रद्द करावी. मात्र हे काम त्याने समासात योग्य ती नोंद लिहून करायचे. मूळ नोंदीला हात लावायचा नाही. समासातल्या नोंदीखाली सही करायची आणि दुरुस्तीची तारीख घालायची. खाडाखोड नाही, पांढरी शाई नाही, पान फाडून नवे पान जोडणे तर नाहीच. चुकलेले अक्षर तिथेच राहते, त्याच्या शेजारी बरोबर अक्षर येते, आणि ते कोणी, कधी आणले हेही दिसत राहते. या पुस्तकातील सर्व विवेचन या एका कल्पनेभोवती फिरते: कायद्याच्या दृष्टीने दुरुस्ती म्हणजे चुकीचा इतिहास कायम ठेवून तिच्या शेजारी खरे लिहिणे.

ही कल्पना जन्मनोंदीपुरती नाही. आपल्याकडे सातबारा ज्यांनी पाहिला आहे त्यांना ती डोळ्यांनी ओळखता येईल. जमिनीवरचा जुना हक्क संपला की त्या नावाला कंस होतो, शेजारी फेरफाराचा क्रमांक येतो आणि नवे नाव चढते. कंसातले नाव वाचता येतेच, आणि फेरफार काढून पाहिला की ते नाव का गेले तेही कळते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 च्या 155 व्या कलमाने लेखनातल्या चुका आणि संबंधित पक्षांनी मान्य केलेल्या चुका दुरुस्त करता येतात. खरेदीखतात गट क्रमांक किंवा चतुःसीमा चुकली तर मूळ दस्त कोणी परत लिहीत नाही. दोन्ही पक्ष दुय्यम निबंधकापुढे जाऊन चूकदुरुस्तीचा स्वतंत्र दस्त नोंदवतात आणि तो मूळ दस्ताबरोबर वाचला जातो. एक पक्ष तयार नसेल तर विशिष्ट साहाय्य अधिनियम 1963 च्या 26 व्या कलमाखाली न्यायालयाकडे जावे लागते. न्यायालयाच्या स्वतःच्या हुकूमनाम्यात लेखनाची किंवा बेरजेची चूक राहिली तर दिवाणी प्रक्रिया संहितेचे 152 वे कलम ती केव्हाही दुरुस्त करू देते. महसूल, नोंदणी, न्यायालय आणि आरोग्य ही चार वेगळी खाती, पण शिस्त एकच आहे.

नवख्या वाचकाने प्रथम एक भेद मनात पक्का करावा, तो म्हणजे चूक दुरुस्त करणे आणि बदल करणे यांतला. नोंद झाली त्या दिवशीच ती वस्तुस्थितीशी जुळत नव्हती, तर ती चूक. नोंद त्या दिवशी खरी होती, पण नंतर माणसाने वेगळे नाव घेतले, तर तो बदल. पहिल्यासाठी पुरावा लागतो, दुसऱ्यासाठी इच्छा आणि तिची जाहीर वाच्यता. महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदलाची सूचना छापली जाते तेव्हा ती एवढेच सांगते की, पूर्वी अमुक नावाने ओळखली जाणारी व्यक्ती यापुढे तमुक नावाने ओळखली जाईल. आधीचे नाव चुकीचे होते असा दावा त्यात नसतो. अर्ज फेटाळले जातात त्यांतल्या पुष्कळांचे मूळ या दोहोंच्या सरमिसळीत असते असे माझे मत आहे. बदल हवा असणारा माणूस चूक झाल्याचे प्रतिज्ञापत्र करतो, आणि खरोखर चूक असलेल्याला कोणीतरी राजपत्राचा रस्ता दाखवतो. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या प्रमाणपत्रांविषयी जो विस्तृत निकाल दिला, त्यात हा भेद नीट उलगडलेला आहे. आपले नाव आपल्या इच्छेप्रमाणे धारण करणे हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, हेही त्या निकालात मान्य केले आहे. वाचकांनी तो सवडीने मुळातून वाचावा.

चूकही एकाच जातीची नसते. जन्म-मृत्यू नोंदणीचे नियम तिचे तीन प्रकार करतात आणि प्रत्येकाची वाट निराळी ठेवतात. लेखनिकाच्या हातून ऱ्हस्व-दीर्घ किंवा अंक चुकला असेल तर निबंधक स्वतः चौकशी करून दुरुस्ती करतो. नोंदीच्या आशयात चूक असेल, म्हणजे वडिलांचे नाव दुसरेच लागले असेल किंवा तारीख वेगळी पडली असेल, तर खरी हकिगत माहीत असलेल्या दोन विश्वासार्ह व्यक्तींचे निवेदन लागते. नोंद कपटाने केलेली असेल तर वरिष्ठ अधिकाऱ्याकडे अहवाल जातो. दोन व्यक्तींच्या निवेदनाची ही तरतूद मला फार मोलाची वाटते. कागदाविरुद्ध कागदच हवा असे कायदा म्हणत नाही. बाळंतपणाच्या वेळी हजर असलेली आत्या आणि शेजारची काकू यांच्या आठवणीलाही तो जागा देतो.

आता चुका येतात कुठून, याकडे वळू. विषयाचा सर्वांत भरीव भाग हाच आहे, आणि तो आपल्या घरांच्या चालीरीतींत दडलेला आहे.

पहिले बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची जुनी रीत. कायदा मात्र जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथेच करतो, आईवडील राहतात तिथे नाही. साहजिकच साताऱ्यात वाढलेल्या माणसाची नोंद लातूरकडच्या एखाद्या गावी असते आणि तो साताऱ्याच्या कार्यालयात ती शोधत राहतो. माहिती देणारे आजोबा किंवा मामा असतात. त्यांच्या तोंडी लेकीचे माहेरचे नाव बसलेले असते आणि जावयाचे पाळण्यातले नाव काय, कागदावरचे काय, याची त्यांना नेहमीच खात्री नसते. बारसे बाराव्या दिवशी, पण रुग्णालयाचा कागद त्याआधीच तयार झालेला असतो. त्यामुळे नोंदीत बाळाच्या नावाची जागा कोरी राहते. जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियमाचे 14 वे कलम यासाठीच आहे: नोंदणीपासून 12 महिन्यांच्या आत नाव कळवल्यास ते विनाशुल्क लिहिले जाते, त्यानंतर नियमांनी ठरवलेल्या मुदतीपर्यंत विलंब शुल्क घेऊन. कोरी जागा भरणे ही दुरुस्ती नव्हे, तो नोंदीचा राहिलेला उत्तरार्ध आहे, आणि तो मागण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

लग्नानंतर स्त्रीचे नाव बदलते, आणि अनेक घरांत तांदळाच्या ताटात लिहून तिचे पहिले नावही बदलले जात असे. जन्मदाखला आणि शाळेचा दाखला माहेरच्या नावाचा, शिधापत्रिका आणि बँकेचे पुस्तक सासरच्या नावाचे, आणि मुलाच्या जन्मनोंदीत आईचे नाव तिसऱ्याच रूपात, अशी अवस्था मग होते. इथे वस्तुतः कुठलाच कागद चुकलेला नसतो. हवा असतो तो दोन नावांना जोडणारा दुवा, विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र किंवा राजपत्र. एका पिढीच्या बायकांना वारसाहक्काच्या वेळी आपण आपणच आहोत हे सिद्ध करावे लागले, आणि त्यातल्या कित्येकींना ते जमले नाही. या प्रकरणांचा अभ्यास करताना वाचकांनी केवळ कलमे पाहू नयेत, अर्जदार कोण आहे तेही पाहावे.

आणि मग 1 जून. महाराष्ट्रात साठी-सत्तरीच्या पुढच्या मंडळींमध्ये या तारखेचे वाढदिवस इतके आहेत की एकाच घरात दोघे-तिघे सापडतात. शाळा जूनमध्ये सुरू होई, पोर दाखल करायला आलेल्या बापाला तारीख आठवत नसे, अमावास्येच्या आसपास किंवा सुगीच्या दिवसांत जन्म झाला एवढे ठाऊक असे. मुलगा वयात बसावा म्हणून गुरुजी हिशेब करून वर्ष ठरवत आणि तारीख 1 जून लिहीत. त्यामागे फसवणुकीचा विचार नव्हता. ते केले नसते तर कितीतरी मुले शाळेच्या दाराबाहेर राहिली असती, आणि त्या अनामिक शिक्षकांबद्दल मला आदरच वाटतो. पण ती तारीख पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर, तिथून सेवापुस्तकात आणि निवृत्तीच्या आदेशात गेली. सरकारी नोकरीत ती बदलून मागायची तर महाराष्ट्र नागरी सेवा (सेवेच्या सर्वसाधारण शर्ती) नियम 1981 मधील 38 वा नियम आडवा येतो. सेवेत आल्यापासून 5 वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. निवृत्ती जवळ आल्यावर तारीख बदलून मागणाऱ्यांना न्यायालयांनी सातत्याने नकार दिला आहे, आणि तो योग्य आहे, कारण एकाची दोन वर्षे वाढली की त्याच्यामागे थांबलेल्या दुसऱ्याची बढती तितकी लांबते. सत्य सांगण्यालाही मुदत असावी का, हा प्रश्न इथे उभा राहतो. या पुस्तकात त्याची दोन्ही बाजूंनी चर्चा आहे. मुदत असावी, पण ती सज्ञान होऊन कागद हाती आलेल्या माणसापुरती, असा माझा कौल आहे.

कुठल्या कागदाचे वजन किती, हा पुढचा टप्पा. यात एकच उतरंड सगळीकडे चालते असे समजू नये. सिडकोतील एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये सांगितले की, वैधानिक अधिकाऱ्याने ठेवलेली जन्मनोंदवही शाळेच्या रजिस्टरातील नोंदीपेक्षा वरचढ ठरते. याउलट बाल न्याय अधिनियम 2015 च्या 94 व्या कलमात मुलाचे वय ठरवताना आधी शाळेचे किंवा परीक्षा मंडळाचे प्रमाणपत्र पाहायचे, ते नसेल तर पालिकेचा किंवा पंचायतीचा दाखला, असा क्रम दिला आहे. आधार कार्ड हे ओळखीचे साधन आहे, जन्मतारखेचा निर्णायक पुरावा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या 2024 च्या निकालात स्पष्ट झाले. आणि जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियमाच्या 2023 च्या दुरुस्ती कायद्याने, तो अमलात आल्यापासून म्हणजे 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांसाठी, शाळा प्रवेश, वाहन परवाना, मतदार यादी, विवाह नोंदणी, सरकारी नोकरी, पासपोर्ट या कामांत जन्मदाखल्यालाच जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा ठरवले. म्हणजे आज जन्मणाऱ्या बाळाच्या नोंदीत चूक राहू देणे पूर्वीपेक्षा महाग पडणार आहे. त्याच कायद्याने निबंधकाच्या निर्णयाविरुद्ध 30 दिवसांत अपील करण्याची सोय दिली, आणि जन्माला एक वर्ष उलटून गेल्यावर करायच्या विलंबित नोंदणीचा आदेश प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांऐवजी जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी प्राधिकृत केलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे सोपवला. जुन्या मार्गदर्शिका वाचणाऱ्यांनी हा फरक ध्यानात ठेवावा.

जुन्या दप्तरांकडे जायची ज्यांना ओढ आहे त्यांच्यासाठी या क्षेत्रात मोठे भांडार आहे. तहसील कार्यालयांत गाव नमुना 14 म्हणून जन्म-मृत्यूची जुनी रजिस्टरे आहेत. लोक त्यांना कोतवाल बुक म्हणतात. त्यांत बहुधा बापाचे नाव, जात आणि मुलगा झाला की मुलगी एवढेच सापडते, बाळाचे नाव नसतेच. तेव्हा नोंद मिळाली तरी ती आपल्याच आजोबांची हे वंशावळीने आणि इतर कागदांनी जुळवून दाखवावे लागते. पुष्कळ पाने मोडीत आहेत. कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामामुळे 2023 मध्ये गावोगावची ही दप्तरे उघडली गेली आणि मोडी वाचकांची गरज एकदम सगळ्यांच्या लक्षात आली. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी मोडी शिकावी असे सांगणारे पुष्कळ आहेत. कायद्याच्या विद्यार्थ्यांनाही मी तेच सांगेन.

गोव्यातल्या वाचकांना याहून वेगळ्या नोंदवह्यांशी गाठ पडते. तिथे पोर्तुगीज अमदानीतली नागरी नोंदणी आहे, नोंदी पोर्तुगीज भाषेत आहेत, आणि नाव-आडनाव बदलासाठी 1990 चा स्वतंत्र कायदा आहे. डिसेंबर 1961 पूर्वी जन्मलेल्यांच्या आणि त्यांच्या वंशजांच्या अनेक नोंदी लिस्बनमध्ये उतरवल्या जातात, आणि तेव्हा एकाच माणसाच्या नावाची कोकणी, मराठी व पोर्तुगीज वळणे जुळवावी लागतात. हा विषय स्वतंत्र ग्रंथाचा आहे. इथे त्याची फक्त ओळख करून दिली आहे.

समासातल्या नोंदीत सन्मानाचा प्रश्नही सामावलेला आहे. तृतीयपंथी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) अधिनियम 2019 च्या 7 व्या कलमाने लिंगओळखीचे प्रमाणपत्र मिळालेल्या व्यक्तीला जन्मदाखल्यातले पहिले नाव बदलून घेण्याचा हक्क दिला. अविवाहित मातेने प्रतिज्ञापत्र केल्यावर तिच्या अपत्याचा जन्मदाखला द्यावा, वडिलांच्या नावासाठी तो अडवू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये सांगितले. महाराष्ट्राने 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे, मग आडनाव असा क्रम अनिवार्य केला. या तिन्ही ठिकाणी कागद आधीच्या चौकटीपेक्षा मोठा झाला. वरवर पाहता हे नमुन्यातल्या रकान्यांचे फेरफार वाटतील. ज्या मुलाच्या अर्जात वडिलांच्या नावाची जागा कोरी होती आणि म्हणून ज्याला रांगेतून बाजूला काढले गेले, त्याच्यासाठी या फेरफारांचा अर्थ फार मोठा आहे.

पुस्तक कसे वाचावे, हे आता सांगतो. तुमच्या घरातल्याच एखाद्या कागदाची अडचण घेऊन आला असाल तर क्रमाने वाचण्याचे बंधन मानू नका. पण अर्ज लिहिण्यापूर्वी एक गोष्ट कराच. हातात असलेल्या दाखल्यावर विसंबू नका, मूळ नोंदवहीतल्या नोंदीची प्रमाणित नक्कल मागा. जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियमाच्या 17 व्या कलमाने नोंदवहीचा शोध घ्यायला लावण्याचा हक्क कोणालाही आहे. चूक नोंदवहीत आहे की दाखला उतरवून देताना पडली, यावर पुढचा सगळा मार्ग ठरतो. दाखल्यातली असेल तर नवा दाखला मागणे पुरते, आणि प्रतिज्ञापत्र, राजपत्र, साक्षीदार यांचा खटाटोप टळतो. शाळेच्या बाबतीतही तसेच: शाळा सोडल्याचा दाखला बाजूला ठेवा आणि प्रवेश-निर्गम रजिस्टराचा उतारा घ्या. नक्कल मिळाली की तिच्यावरच्या तारखा पाहा. जन्म कोणत्या दिवशी, माहिती कोणत्या दिवशी दिली, नोंद कोणत्या दिवशी झाली, माहिती देणारा कोण. जन्म आणि नोंदणी यांत वर्षांचे अंतर असेल तर विलंबित नोंदणीचे प्रकरण आधी उघडा. समासात किंवा शेऱ्याच्या रकान्यात आधीचीच एखादी दुरुस्ती दिसली तर तिची तारीख आणि सही टिपून घ्या, ती कोणाच्या अर्जावरून झाली ते विचारा, आणि तो अर्ज पाहायला मागा.